डोंगरावरचे वादळ मैदानात उतरेल का?

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याची राजधानी डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०९ मीटर उंचीवर वसलेली आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर असलेले कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, म्हणजे डेन्व्हरपेक्षा जेमतेम ३७ मीटरने अधिक. तरीही डेन्व्हरला कोणी डोंगरावरचे शहर म्हणत नाही, कारण त्याच्या पश्चिमेला रॉकी पर्वताची फ्रंट रेंज ही रांग चार हजार मीटरच्याही वर चढत जाते आणि पूर्वेला कॅन्सस व नेब्रास्का या राज्यांकडे शेकडो किलोमीटर हळूहळू उतरत जाणारे गवताळ मैदान पसरलेले आहे. पर्वत जिथे संपतो आणि मैदान जिथे सुरू होते, त्या अरुंद पट्ट्यात कोलोरॅडोची बहुतेक लोकवस्ती आहे. उन्हाळ्यात या पट्ट्यावर एक ठरावीक क्रम वारंवार दिसतो. सकाळी आकाश निरभ्र असते, साडेदहा-अकराच्या सुमारास शिखरांवर पांढरे ढग उमटतात, दीडपर्यंत ते काळवंडतात, आणि तीन-चारच्या दरम्यान गडगडत मैदानाकडे सरकू लागतात. म्हणूनच तिथले जाणते गिर्यारोहक दुपारी बाराच्या आत शिखर सोडून खाली उतरायला लागतात.

ढग जर जवळजवळ रोजच जमतात, तर रोज गारपीट का होत नाही? एखाद्या दिवशी शहरावर चार थेंब पडून ऊन येते आणि दुसऱ्या दिवशी तसाच दिसणारा ढग क्रिकेटच्या चेंडूएवढ्या गारा टाकून हजारो गाड्यांच्या काचा फोडतो, हा फरक कशामुळे पडतो? हवामानाचा अंदाज देणाऱ्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न हाच आहे. माझ्या मते या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज असा की, लोक वादळाचा अंदाज बांधताना डोंगराकडे पाहत राहतात. डोंगर ढगाला जन्म देतो एवढेच. तो ढग मोठा होणार की वाटेतच विरून जाणार, हे मैदानावर कोणती हवा पसरलेली आहे त्यावर ठरते. अंदाजकर्त्याचे निम्मे काम म्हणजे त्या न दिसणाऱ्या हवेची पारख करणे होय.

प्रथम डोंगराचे काम पाहू. फ्रंट रेंजचे पूर्वेकडचे उतार सकाळच्या उन्हाला थेट सामोरे असतात, त्यामुळे ते लवकर तापतात. तीन हजार मीटर उंचीवरचा खडक तापला की त्याला टेकलेली हवा तापते, आणि ती हवा त्याच उंचीवर, पण मैदानाच्या वर मोकळी तरंगणाऱ्या हवेपेक्षा बरीच उबदार होते. उबदार हवा हलकी असल्यामुळे वर जाते, तिची जागा घेण्यासाठी मैदानाकडून उताराच्या दिशेने वारा वाहू लागतो, आणि दुपारपर्यंत संपूर्ण रांग एखाद्या लांबच लांब धुराड्यासारखी हवा वर ओढू लागते. मैदानावर ढग तयार होण्यापूर्वी दोन-तीन तास डोंगरावर ढग दिसतात ते यामुळे. वरच्या थरांत, सहा किलोमीटरच्या आसपास, वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात आणि तेच या ढगांना पूर्वेकडे, मैदानाच्या दिशेने, ढकलतात. हे यंत्र इतके नियमित आहे की डोंगरावर वादळ होईल हे सांगण्यासाठी बऱ्याच दिवशी फारसा अभ्यास लागत नाही.

अभ्यास लागतो तो पुढे. मैदानावरच्या हवेबद्दल विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे तिच्यात बाष्प किती आहे. त्याचे सर्वांत उपयोगी माप म्हणजे दवबिंदू तापमान. थंड पाण्याने भरलेला तांब्या ओट्यावर ठेवला की त्याच्या बाहेरच्या अंगाला थोड्या वेळाने पाण्याचे थेंब जमतात. भोवतालची हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली असता तिच्यातले बाष्प असे पाणी होऊन बाहेर पडू लागते, ते तिचे दवबिंदू तापमान. मुंबईत जूनमध्ये ते २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, त्यामुळे तांब्या लगेच ओला होतो. डेन्व्हरला उन्हाळ्यातल्या कोरड्या दिवशी ते २-३ अंशांवर असू शकते, आणि अशा दिवशी तांब्या कोरडाच राहतो.

दवबिंदूवरून ढगाचा तळ किती उंचीवर असेल याचा एक साधा हिशेब करता येतो. हवेचे तापमान आणि दवबिंदू यांच्यात जितक्या अंशांचा फरक, तितके गुणिले १२५ मीटर, एवढ्या उंचीवर ढगाचा तळ येतो. मुंबईत तापमान ३२ आणि दवबिंदू २६ असेल तर फरक ६ अंशांचा, म्हणून तळ साधारण ७५० मीटरवर. डेन्व्हरला तापमान ३४ आणि दवबिंदू २ असेल तर फरक ३२ अंशांचा, म्हणून तळ जमिनीपासून चार हजार मीटरवर. इतक्या उंचावरून पडणारा पाऊस वाटेतच वाळतो. ढगाखाली लोंबणाऱ्या राखाडी झालरी दिसतात, पण जमीन ओली होत नाही. मात्र असा दिवस निरुपद्रवी समजणे धोक्याचे आहे. पाण्याचे थेंब वाफ होताना भोवतालची हवा झपाट्याने थंड करतात, थंड हवा जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चहूबाजूंना पसरते. पावसाचा थेंबही न पडता ताशी शंभर किलोमीटरचा वारा सुटू शकतो. उतरणाऱ्या विमानाला हा झोत आधी समोरून आणि मग काही सेकंदांतच मागून लागतो, त्यामुळे पंखांखालचा आधार अचानक कमी होतो. हा धोका नीट समजून घेण्यासाठी १९८२ मध्ये डेन्व्हरच्या तेव्हाच्या स्टेपलटन विमानतळाच्या परिसरात रडारांच्या साहाय्याने मोठा अभ्यास करण्यात आला, आणि विमानतळांवर अशा झोतांची सूचना देणारी यंत्रणा उभी राहण्यात त्या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

आता दमट दिवस पाहू. मेक्सिकोच्या आखाताकडून आग्नेय वाऱ्याबरोबर बाष्प आले आणि मैदानावरचा दवबिंदू १० अंशांवर पोहोचला की डेन्व्हरचा अंदाजकर्ता सावध होतो. १३ अंशांवर पोहोचला की तो चिंतेत पडतो. आपल्याकडच्या वाचकाला हे आकडे फारच किरकोळ वाटतील, आणि समुद्रसपाटीवर ते खरोखरच किरकोळ आहेत. परंतु डेन्व्हरची जमीनच दीड किलोमीटर उंच आहे. तिथून वर निघालेल्या हवेला थंड थरांपर्यंत पोहोचण्यासाठी कमी अंतर कापावे लागते, आणि उन्हाळी दुपारी वरची हवा खालच्या मानाने फार थंड असते. त्यामुळे थोड्या बाष्पातही ढगाला मोठे बळ मिळते. गारांचेही तसेच आहे. हवेचे तापमान जिथे शून्य अंश असते त्या गोठणबिंदूच्या पातळीखालच्या उबदार हवेत गार आली की वितळू लागते, पण या उंच मैदानावर गोठणबिंदूची पातळी जमिनीपासून तुलनेने जवळ असल्याने गारेला वितळायला वेळच मिळत नाही.

बाष्प आहे, ऊन आहे, तरी वादळ होत नाही, असेही दिवस येतात. त्याचे कारण वर ठेवलेले झाकण. पश्चिमेकडच्या उंच, रखरखीत पठारांवर तापलेली कोरडी हवा पूर्वेकडे वाहत येते आणि मैदानावरच्या दमट हवेच्या डोक्यावर एखाद्या थरासारखी पसरते. खालून वर निघालेला हवेचा फुगारा या उबदार थरात शिरला की त्याला भोवतालची हवा आपल्यापेक्षा गरम लागते, आणि गरम हवेत थंड फुगारा तरंगू शकत नाही, तो अडतो. झाकण पक्के असेल तर दिवसभर फक्त उकाडा होतो. झाकण अगदी नसेल तर सकाळपासूनच जागोजाग लहान-लहान सरी पडून हवेतली सगळी ताकद थोडी-थोडी खर्च होते. सर्वांत वाईट दिवस मधला असतो: झाकण दुपारी तीन-चारपर्यंत टिकते, त्याच्याखाली ऊब आणि बाष्प साचत राहते, आणि मग डोंगरावरून आलेले वादळ आपल्या थंड वाऱ्याच्या रेट्याने खालची दमट हवा त्या झाकणापलीकडे उचलते. दुधाच्या पातेल्यावरचे झाकण वेळेवर काढले नाही तर काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला याहून अधिक सांगायला नको.

हे झाकण डोळ्यांना दिसत नाही. ते मोजण्यासाठी जगभर ठरलेल्या वेळी, दिवसातून दोनदा, हायड्रोजन किंवा हेलियम भरलेले फुगे सोडले जातात. फुग्याला लोंबणारे रेडिओसाँड नावाचे छोटे उपकरण वर जाता जाता तापमान, आर्द्रता आणि वारा यांची नोंद खाली पाठवत राहते. डेन्व्हरची उन्हाळ्यातली सकाळी सहाची नोंद म्हणजे भारतातली संध्याकाळी साडेपाचची नोंद; दोन्हीकडची उपकरणे एकाच वेळी आकाशात असतात. अंदाजकर्ता या नोंदींच्या आलेखावर पाहतो की झाकण किती जाड आहे, आणि ते फुटण्यासाठी जमिनीजवळची हवा किती अंशांपर्यंत तापावी लागेल. समजा उत्तर ३१ आले आणि कमाल तापमानाचा अंदाज २९ आहे. मग मैदानावर आपोआप वादळ उठणार नाही, पण डोंगरावरून आलेल्या वादळाने उचलून दिले तर? ही शक्यता तोलताना अनुभवी माणसांमध्येही मतभेद होतात, आणि ते होणे स्वाभाविक आहे.

अडचण आणखी वाढते ती सकाळच्या खालच्या ढगांमुळे. रात्री उत्तरेकडून थंड, दमट हवेची लाट येऊन गेली की सकाळी मैदानावर करडे, सपाट ढग पसरलेले असतात. ते अकरापर्यंत विरले तर उरलेल्या दुपारचे ऊन त्या दमट हवेला तापवते आणि दिवस धोकादायक होतो. ते दोनपर्यंत टिकले तर जमीन तापतच नाही; डोंगरावरचे वादळ कितीही गर्जत आले तरी पायथ्याशी त्याला थंड, जड हवा भेटते आणि ते विझते. एका चादरीएवढ्या ढगाने दोन-तीन तास उशीर केला म्हणून सगळा अंदाज चुकलेला मी अनेकदा पाहिला आहे, आणि अशा वेळी अंदाज देणाऱ्यांना दोष देणाऱ्यांना त्या चादरीचे वजन ठाऊक नसते, असे मला मनापासून वाटते.

तिसरा घटक वारा, पण त्याचा नुसता वेग नव्हे, तर उंचीनुसार होणारा त्याचा बदल. साधे वादळ पाऊण तासात संपते, कारण त्याचा पाऊस त्याच्याच वर चढणाऱ्या हवेवर पडतो आणि तिला विझवून टाकतो. वरचा वारा जोरदार असेल तर ढग कलतो, पाऊस बाजूला पडतो आणि चढणारी हवा मोकळी राहते. असे वादळ तासन्‌तास जगते. फ्रंट रेंजच्या पायथ्याशी जमिनीजवळचा वारा आग्नेयेकडून आणि वरचा पश्चिमेकडून असतो. खालून एका दिशेला आणि वरून दुसऱ्या दिशेला ढकलली जाणारी हवा दोन तळहातांत वळलेल्या वातीसारखी पीळ घेते, हा पीळ वर चढणाऱ्या प्रवाहात उभा होतो आणि संपूर्ण ढग स्वतःभोवती फिरू लागतो. अशा फिरत्या वादळाला सुपरसेल म्हणतात. त्याच्या पोटात हवा ताशी दीडशे किलोमीटर वेगाने वर चढू शकते, आणि चेंडूएवढी गार पेलून धरायला तेवढाच जोर लागतो. ८ मे २०१७ रोजी डेन्व्हरच्या पश्चिम उपनगरांवर अशाच वादळातून झालेल्या गारपिटीने विमा कंपन्यांना सुमारे २.३ अब्ज डॉलरची भरपाई द्यावी लागली. तोवरच्या कोलोरॅडोच्या इतिहासातली ती सर्वांत महाग गारपीट ठरली.

जमिनीचे लहान चढउतारही या खेळात भाग घेतात. डेन्व्हर आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज या शहरांच्या मध्ये पामर डिव्हाइड नावाचा एक पसरट उंचवटा डोंगरापासून पूर्वेकडे गेलेला आहे. आग्नेय वारा त्याच्यावरून उतरताना नदीतल्या खडकामागे भोवरा पडावा तसा वळतो, आणि डेन्व्हरच्या आसपास काही दहा किलोमीटर रुंदीचा, मंद गतीने फिरणारा वाऱ्याचा भोवरा तयार होतो. याला तिथे ‘डेन्व्हर सायक्लोन’ म्हणतात, पण आपल्या बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळाशी त्याचा काही संबंध नाही. या भोवऱ्याच्या कडेला दोन दिशांचे वारे एकमेकांना भिडतात आणि तिथली हवा वर उचलली जाते. डोंगरावरून रडतखडत आलेले, जवळजवळ विझलेले वादळ ही रेषा ओलांडताना वीस मिनिटांत भडकते. रडारवर ही रेषा पाऊस नसतानाही बारीक धाग्यासारखी दिसते, कारण भिडणाऱ्या वाऱ्यांच्या कडेला उडते किडे आणि धूळ गोळा होते आणि रडारच्या लहरी त्यांवरून परत येतात. दुपारी दोन वाजता अंदाजकर्ता पडद्यावर सर्वांत आधी हा धागा शोधतो.

प्रत्यक्ष आकाशाकडे पाहूनही बरेच कळते. वाढत्या ढगाच्या कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या घट्ट आणि रेखीव दिसत असतील तर आतली हवा अजून जोराने चढते आहे. माथा पिंजलेल्या कापसासारखा विस्कटू लागला तर वरचे पाणी गोठून बर्फ झाले आहे. तिथून पुढे विजेची शक्यता वेगाने वाढते. डोंगरावरच्या एकामागून एक ढगांचे माथे विस्कटून, बुंधे तुटून, नुसते माथेच पूर्वेकडे वाहत येत असतील, तर मैदानावरचे झाकण अजून घट्ट आहे असे समजावे. बुंधा जाड राहून तळ काळा आणि सपाट होत आला, तर गाडी छपराखाली घ्यावी. हेच काम आता उपग्रह अधिक नेटाने करतात. २०१६ पासून सोडलेल्या अमेरिकी उपग्रहांकडून निवडलेल्या भागाचे चित्र मिनिटामिनिटाला मिळू शकते.

हवेत पुढे काय होईल याचे गणित मांडणाऱ्या संगणकी प्रारूपांनीही (मॉडेल्सनी) मोठी मजल मारली आहे. अमेरिकेत २०१४ पासून दर तासाला नव्याने चालणारे, प्रदेशाच्या तीन-तीन किलोमीटरच्या चौकटी पाडून हिशेब करणारे एक प्रारूप वापरात आहे; ते बोल्डर या डेन्व्हरजवळच्याच शहरातील सरकारी प्रयोगशाळेत विकसित झाले. तीन किलोमीटरच्या चौकटीत वादळ हे वादळ म्हणून दिसते, पूर्वीच्या ढोबळ प्रारूपांत ते दिसत नसे. तरीही सकाळच्या प्रारूपात शहराच्या डोक्यावर दिसणारे वादळ प्रत्यक्षात चाळीस किलोमीटर पूर्वेला किंवा दीड तास उशिरा होऊ शकते. म्हणून चांगला अंदाजकर्ता एका चित्रावर भरवसा ठेवत नाही. लागोपाठच्या पाच-सहा तासांची चित्रे एकमेकांशी ताडून पाहतो आणि त्यांत दवबिंदू प्रत्यक्ष नोंदीशी जुळतो का हे तपासतो. प्रारूपाने १३ अंश गृहीत धरले आणि जागेवर ८ असतील, तर त्या प्रारूपातले वादळ कितीही भयंकर दिसले तरी त्याला फारसा अर्थ नाही.

मात्र फक्त गारा आणि वारा यांचा विचार करणारा अंदाज अपुरा असतो, हे ३१ जुलै १९७६ या तारखेने शिकवले. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, कोलोरॅडो राज्याच्या स्थापनेला शंभर वर्षे पूर्ण होणार होती, शनिवार होता, आणि डेन्व्हरच्या वायव्येकडील बिग थॉम्पसन नदीची अरुंद घळई सुटीसाठी आलेल्या लोकांनी भरलेली होती. त्या दिवशी मैदानाकडून दमट पूर्व वारा जोराने डोंगर चढत होता. वरचे वारे मात्र अगदी मंद होते. रोजच्यासारखे वादळ उठले, पण त्याला पूर्वेकडे ढकलणारेच कोणी नव्हते. ते एका जागी उभे राहिले, खालून नवे बाष्प येत राहिले, आणि काही ठिकाणी चारेक तासांत सुमारे ३० सेंटिमीटर पाऊस पडला. अंधारात घळईतून आलेल्या पाण्याच्या लोंढ्याने १४४ माणसांचा बळी घेतला. जे गाडीतून रस्त्याने खाली पळाले त्यांच्यातले अनेक जण वाहून गेले. जे गाडी सोडून कडेच्या उतारावर काही मीटर चढले ते बहुधा वाचले. कोलोरॅडोच्या घळयांमध्ये आज जे फलक दिसतात, पूर आला तर उंच जागी चढा असे सांगणारे, त्यांच्यामागे ही रात्र आहे. म्हणून डोंगरावरचे वादळ मैदानात उतरणार का, या प्रश्नाला जोडूनच दुसरा प्रश्न विचारावा लागतो: ते उतरले नाही तर कुठे थांबेल?

हे सगळे लोकांपर्यंत पोहोचते ते टप्प्याटप्प्याने. सकाळी ओक्लाहोमा राज्यातील नॉर्मन येथील, वादळांचा अंदाज देणारे राष्ट्रीय केंद्र संभाव्यतेचा नकाशा देते. त्यात ‘गारांची शक्यता १५ टक्के’ असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ तुमच्या जागेपासून सुमारे ४० किलोमीटरच्या परिघात अडीच सेंटिमीटर किंवा अधिक व्यासाची गार पडण्याची शक्यता १५ टक्के, असा असतो. तुमच्याच अंगणात पडण्याची शक्यता त्याहून पुष्कळ कमी असते. एरवी ही शक्यता याहून बरीच कमी असते हे लक्षात घेतले, म्हणजे १५ हा आकडा लहान नाही हे कळते. दुपारी परिस्थिती जुळत आली की तेच केंद्र काही तासांसाठी मोठ्या क्षेत्राला ‘वॉच’ देते, म्हणजे लक्ष ठेवा. वादळ रडारवर प्रत्यक्ष दिसले की बोल्डरचे स्थानिक कार्यालय त्याच्या वाटेवरचा तेवढाच तुकडा आखून ‘वॉर्निंग’ देते, म्हणजे आता आडोसा घ्या. पहिल्या सूचनेत तास हातात असतात, दुसरीत बहुधा मिनिटेच.

आपल्याकडे चैत्र-वैशाखात देशावर येणाऱ्या वळवाच्या पावसालाही बाष्प, तापलेली जमीन आणि वरचा वारा हेच घटक लागतात, आणि वळिवाचे ढगसुद्धा दुपारनंतरच उठतात. सह्याद्री रॉकीएवढा उंच नाही आणि समुद्र अगदी शेजारी आहे, त्यामुळे हिशेबातले आकडे बदलतात.

डेन्व्हरवरून गेलेले वादळ संध्याकाळी पूर्वेकडे सरकत राहते. अनेक वादळांची थंड हवा एकत्र होऊन एक मोठी फळी बनते, रात्री दक्षिणेकडून वाहणारा खालचा वारा तिला बाष्प पुरवतो, आणि म्हणून कॅन्सस व नेब्रास्कात उन्हाळ्यातला बराचसा पाऊस मध्यरात्री पडतो. त्यातल्या कित्येक सरींचा उगम आदल्या दुपारी रॉकीच्या उतारावर झालेला असतो. मागे, डेन्व्हरजवळ, ओली झालेली माती आणि वादळाने सांडलेली थंड हवा उरते. सकाळी सहाच्या फुग्याच्या आलेखात तिचा जेमतेम शे-दोनशे मीटर जाडीचा थर दिसतो, आणि त्या दिवशीचा हिशेब या थरापासून मांडायला घ्यावा लागतो.